बाई घरी नाहीत

खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. माझी मावशी डोर्कस त्या घरात मोलकरीण होती. तिने हे डोळ्यांनी पाहिलंय.

चेल्टनहॅम. नोव्हेंबर १८७१. गुरुवार, दुपारचे तीन.

दर गुरुवारी मिसेस ट्रेंचर्डकडे पाहुण्या यायच्या. नकोशी कुणी आली, की डोर्कसने दारात सांगायचं, बाई घरी नाहीत. पाहुणीने समजून घ्यायचं, आपलं नाव छापलेलं कार्ड दाराजवळच्या तबकात ठेवायचं आणि निघायचं. स्वतः आले होते हे कळावं म्हणून कार्डाचा कोपरा दुमडायचा. सगळ्या बड्या घरांत हीच रीत.

बाईंची धाकटी बहीण हेस्टर ओळीने तीन गुरुवार आली. पियानो दुरुस्त करणाऱ्याशी लग्न केलं, एवढाच तिचा गुन्हा. खोकून खोकून अर्धी झाली होती. मरण्याआधी ताईला एकदा भेटायचं, बाकी काही मागणं नव्हतं.

ताई दिवाणखान्यात, पडद्याआड केक खात होती.

"सांग, घरी नाहीत. आणि पायरी पुसून घे."

बडा घर, पोकळ वासा, तो हाच.

सोमवारी हेस्टर गेली. बाई मातीलाही गेल्या नाहीत.

गुरुवारी बरोबर तीनला घंटा वाजली...

डोर्कसने दार उघडलं. कुणीच नव्हतं.

तबकात मात्र कार्ड होतं. हेस्टरचं. ओलं... आणि कोपरा दुमडलेला.

बाई तुच्छतेने हसल्या. "मेली तरी लोचटपणा गेला नाही. सांग तिला नेहमीचंच."

डोर्कस दाराशी परत गेली. रिकाम्या दाराला ती म्हणाली, "बाई घरी नाहीत."

मागे कपबशीचा आवाज थांबला...

दार लोटून ती आत धावली. खुर्ची रिकामी. चहा वाफाळत होता. खिडक्यांना आतून कड्या. त्या खोलीला दुसरं दारच नव्हतं.

ती दाराकडे वळली, तोच पुन्हा घंटा...

"डोर्कस, दार उघड गं. मी आहे, मी." बाहेरून बाईंचा आवाज.

आणि खोलीत, पडद्याआड... कुणीतरी खोकलं.

"सांग तिला," पडद्याआडून आवाज आला. "नेहमीचंच."

डोर्कसने सांगितलं.

बाई पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. मला त्यांची कीव येत नाही. मावशीची येते. म्हातारपणी ती माझ्याकडे राहायची. दर गुरुवारी तीनला माझ्या दाराची घंटा वाजायची आणि ती खुर्चीतूनच म्हणायची, "बाई घरी नाहीत."

मावशी गेली, त्याला दोन वर्षं झाली.

आता ते मला म्हणावं लागतं...