उजेड गेलेला टीव्ही

मी जन्मभर मुलांना शिकवलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका, हे त्यांना सतत बजावत आलो.

म्हणूनच हे लिहितोय. कारण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. माझ्या धाकट्या बहिणीचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्यातली बाहेरची खोली.

तिचे यजमान टीव्ही दुरुस्त करायचे. दुकानात आलेल्या प्रत्येक टीव्हीला ते 'पेशंट' म्हणत, म्हणून आम्ही सगळे त्यांना 'डॉक्टर' म्हणायचो. हे चपटे टीव्ही किती टिकतात, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं.

"सात-आठ वर्षं धरा. पडदा झगझगीत ठेवून दिवसभर चालवाल, तर त्याआधीच मान टाकेल. उजेड बेताचा ठेवा, मागे हवा खेळू द्या, म्हणजे दहा-बारा वर्षंही ओढेल."

घरचा टीव्ही त्यांनी असाच जपला होता. बहीण करवादायची, "आमच्याकडे सगळ्या मालिकांत कायम तिन्हीसांजच असते!"

अशा टीव्हीत चित्र वेगळं आणि त्याच्या मागचा उजेड वेगळा. मुलांना मी असं समजावायचो: खिडकीच्या काचेवर चित्र रंगवलंय आणि पलीकडचा दिवा विझलाय. चित्र पुसलं गेलेलं नाही. फक्त दिसत नाही.

पडदा काळा पण आवाज येतोय, असा पेशंट आला की डॉक्टर खोलीतले दिवे मालवायचे आणि टॉर्च काचेजवळ तिरपी धरायचे. काळ्या पडद्यात पुसटशी माणसं हलताना दिसायची.

"जीव आहे आत," ते म्हणायचे. "नुसता उजेड गेलाय."

त्यांची एक खोडी होती. बायको स्वयंपाकघरात असली आणि तिला बाहेर बोलवायचं असलं, की हाक मारायचे नाहीत. टीव्हीचा आवाज वाढवायचे. मग ती "अहो, कमी करा तो!" म्हणत तणतणत बाहेर यायची. हे गालातल्या गालात हसत बसलेले.

डॉक्टर गेले ते त्याच टीव्हीसमोर, त्यांच्या खुर्चीत.

ती स्वयंपाकघरात होती. मध्येच बाहेर आली, तर यांची मान कलंडलेली. डोळा लागला असेल, म्हणून तिने आवाज कमी केला, रिमोट त्यांच्या हाताजवळून उचलून कपाटावर ठेवला आणि पाय न वाजवता आत गेली.

जेवायला हाक मारायला आली, तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यानंतर तो टीव्ही हळूहळू मंदावत गेला. मग पडदा पुरता काळा झाला. आवाज तेवढा यायचा. ती त्याच्यासमोर बसून राहायची. जेवण सुटलं. नुसता हाडांचा सापळा उरला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण ऑपरेशनचं नाव काढू देईना.

आमच्याकडे चल म्हटलं, की एकच उत्तर.

"आज नको, दादा. आज नीट दिसेल."

काय दिसेल, ते सांगायची नाही.

शेवटी मी डॉक्टरांच्या दुकानातल्या भागीदाराला घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटलं, एक तर हा टीव्ही सुरू होऊ दे, नाहीतर घराबाहेर जाऊ दे. त्याने मागचं झाकण उघडलं.

"मास्तर, पेशंटचं वय झालंय. दिव्यांच्या पट्ट्या जळून गेल्यात. बोर्ड दुकानात नेऊन बघतो, पण वहिनींना सांगा, आता दुसरा घ्या."

"म्हणजे हा आता चालणार नाही?"

"डोकंच काढून नेतोय, मास्तर. चालेल कसा?"

बोर्ड पिशवीत घालून तो गेला. टीव्हीची सॉकेटमधून काढलेली वायर जमिनीवर लोळत होती. हे मी नीट पाहिलं.

बहिणीने उठून खोलीतला दिवा मालवला.

"अगं चिऊ, काय करतेस?"

"स्वतःच्या डोळ्यांनी बघा, असं शिकवत होतास ना मुलांना?" तिने टॉर्च माझ्या हातात दिली. "धर तिरपी."

तिची समजूत तरी पटेल, म्हणून मी काचेजवळ टॉर्च धरली.

आत खोली दिसली...

हीच खोली.

प्रतिबिंब असणार, मी म्हटलं. मुलांना शिकवलेली साधी परीक्षा केली. उजवा हात वर केला.

काचेत कुणीच हात वर केला नाही.

आम्ही दोघं त्या खोलीत नव्हतोच.

खुर्ची मात्र होती. आणि खुर्चीत... कुणीतरी मान टाकून बसलं होतं.

मी मागे वळून पाहिलं. आमच्या मागची खुर्ची रिकामी होती.

काचेत स्वयंपाकघराचं दार उघडलं. एक बाई बाहेर आली. माझीच बहीण, अंगाने भरलेली, पूर्वीची. तिने रिमोट उचलला. आवाज कमी केला. रिमोट कपाटावर ठेवून आत गेली.

"गेले ना मी आत?" माझ्या खांद्याशी बहीण कुजबुजली.

"हो."

"आता यांच्या हाताकडे बघ. मला धूसर दिसतं रे. रोज बघते, पण उमगत नाही. हात हलतो का? मी आत गेले तेव्हा... हे अजून होते का, दादा?"

मी बघत राहिलो.

आधी काहीच हललं नाही.

मग... बोटं हलली.

हात खुर्चीच्या कडेवर सरपटत गेला. रिमोट जिथे असायचा, तिथे चाचपडला. पुन्हा चाचपडला. मग थरथरत कपाटाच्या दिशेने उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला.

"सांग ना, दादा."

"नाही गं," मी म्हणालो. "हात हलत नाही. झोपेतच गेलेत ते."

तिने इतका मोठा श्वास सोडला, की जणू इतके महिने तो छातीत अडकून होता.

आणि काचेतली ती कलंडलेली मान... सावकाश सरळ झाली. माझ्याकडे वळली.

टॉर्च माझ्या हातून पडली.

त्याच संध्याकाळी बहीण माझ्यासोबत आली. टीव्ही भंगारात गेला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता तिला लख्ख दिसतं. पोटभर जेवते. माझ्या बायकोला टोमणे मारते, "वहिनी, कोपऱ्यातली जळमटं मला दिसायला लागली हं!"

आमचा टीव्ही नवाकोरा आहे.

तरीही, ती स्वयंपाकघरात गेली की... त्याचा आवाज वाढतो. रिमोट टेबलावर पडलेला असतो. कुणी हातही लावलेला नसतो. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. त्याला काहीच दोष सापडला नाही.

पहिल्यांदा ती सवयीने ओरडत बाहेर आली, "अहो, कमी करा तो!" आणि उंबऱ्यातच थबकली. तेव्हापासून आवाज वाढला की ती बाहेर येते. दारात उभी राहून बघते.

काल संध्याकाळी पडदा आपोआप काळा झाला.

आवाज तेवढा राहिला. तो वाढत गेला... वाढतच गेला.

बहीण हात पुसत बाहेर आली. त्या काळ्या काचेकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"दादा, घरात टॉर्च असेल ना?"

"नाही," मी म्हणालो.

टॉर्च माझ्याच खिशात होती. खिशावर दाबून धरलेल्या माझ्या हाताकडे ती बघत होती.