तिसऱ्या मजल्यावरचं खोटं बटण

ती शिडीवर उभी होती, डोक्यापासून कमरेपर्यंत छताच्या आत आणि तोंडात टॉर्च. तेवढ्यात खालून आवाज आला.

"वरती हवामान कसं आहे हो?"

तोंडात टॉर्च असल्यावर माणूस काय बोलणार? तिने नुसतं "हं" केलं.

"नाही, इथे खाली फक्त बर्फ पडायचा बाकी आहे, म्हणून विचारलं."

ती उतरली तर तो दोन्ही हातांनी शिडी धरून उभा. कुणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. सडपातळ अंगकाठी, बोटांना निळी शाई, आणि डोळे… ओठांच्या आधी हसणारे. ती जिन्याजवळच्या हवेच्या जाळीची शिट्टी बंद करायला आली होती. शिट्टी बंद झाली, पण छातीत भलतंच काहीतरी वाजायला लागलं.

तो तिसऱ्या मजल्यावरच्या नकाशांच्या कचेरीत होता. शाळेच्या पुस्तकांतले नकाशे तिथे तयार व्हायचे आणि नद्या-डोंगरांची नावं तो अजून हाताने लिहायचा. सगळे त्याला नकाशेवालाच म्हणायचे. आणि ती सात मजल्यांची हवावाली. तळघरात पाणी तापवणारा बॉयलर, गच्चीवर पाणी गार करणारं यंत्र, मधे छताछतांतून पळणारे पत्र्याचे बोगदे, हा सगळा संसार तिचा.

"माझ्या टेबलाशी थंडी वाजते. बोटं कापतात, नदी सरळ जायची ती वाकडी जाते," तो म्हणाला.

"नद्या वाकड्याच असतात."

"हो, पण इतक्या नसतात हो!"

ती हसली, आणि तिथेच तिची चूक झाली. खिशात थर्मामीटर होता. तो त्याच्या टेबलाशी धरायचा, एवढं साधं काम. पण तो बघत होता आणि तिला स्वतःचे धुळीने माखलेले केस आठवले. "खाली स्क्रीनवर बघते," असं म्हणून ती सटकली. स्क्रीनवर तिसऱ्या मजल्याचा तो कोपरा चोवीस अंशांवर होता, म्हणजे चांगला उबदार.

त्याच्या तीन तक्रारचिठ्ठ्या आल्या तेव्हा तळघरातले मामा कपाटातून एक पांढरी डबी घेऊन आले. मामा म्हणजे तिचे वरिष्ठ, तीस वर्षं बॉयलरशी बोलत आलेले.

"हे लाव त्याच्या भिंतीला."

डबीला फिरवायचं बटण होतं, आकडे होते, इवलासा हिरवा दिवा होता. मागे दोन तारा होत्या आणि त्या कुठेही जात नव्हत्या.

"मामा, हे तर खोटं आहे!"

"निम्मी थंडी डोक्यात असते, पोरी. माणसाला काहीतरी फिरवायला दिलं की तो गप्प होतो. आमच्या वेळेपासून चालत आलंय हे."

तिने ते लावलं. त्याने बटण पंचविसावर नेलं, जाळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"वा! पडला की फरक!"

ती पेचकस खिशात कोंबून तिथून निघाली.

त्यानंतर ती दर दोन दिवसांनी "तपासायला" वर जाऊ लागली. काय तपासणार, कपाळ? पण पाय आपोआप तिसऱ्या मजल्यावर थांबायचे. तो खुर्ची पुढे सरकवायचा आणि विचारायचा, ऊब नेमकी येते तरी कुठून? ती सांगायची, तळघरातून गरम पाणी वर येतं, नळ्यांच्या वेटोळ्यांतून फिरतं, त्यावरून हवा जाते आणि तापते. भिंतीवरचा सेन्सर खोली गार झाल्याचं सांगतो, मग एक झडप उघडते—

"आणि माझं बटण त्या झडपेला सांगतं."

"…हो."

हा एक होकार देताना ती त्याच्याकडे न बघता जाळीकडे बघायची.

"या इमारतीत लिफ्टवर विश्वास नाही, घड्याळावर नाही," तो एकदा मान खाली घालून नदीचं नाव लिहिता लिहिता म्हणाला. "तुमच्यावर मात्र आहे."

असं काही कुणी म्हणावं, याची ती किती दिवस वाट बघत होती! आणि आता ते ऐकून तिला पळून जावंसं वाटलं. रात्री आईने विचारलं, "जेवत का नाहीस?" ती म्हणाली, भूक नाही. आता आईला काय सांगणार, की मी ज्याच्यावर जीव टाकतेय त्यालाच रोज फसवतेय?

मग एका सोमवारी त्याची खुर्ची रिकामी दिसली.

"तापाने फणफणलाय," शेजारच्या टेबलावरच्या मोठ्या बाई म्हणाल्या. चष्म्यावरून बघण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. "नाहीतर काय होणार? दोन महिने कुडकुडतोय बिचारा."

"पण… ते तर म्हणाले, फरक पडला."

"तुमच्यासमोर!" बाईंनी त्याचा खालचा खण ओढला. आत एक जाडजूड स्वेटर, बोटं कापलेले लोकरी हातमोजे आणि रबरी शेकायची पिशवी. "तुमचा पायरव आला की हे सगळं आत जायचं. तुम्ही गेलात की बाहेर."

तिने थर्मामीटर काढला, दोन महिने उशिरा, आणि टेबलाशी धरला. सतरा.

सतरा! मग चोवीस कुठून आले? ती सेन्सर शोधत भिंतीभिंतीने फिरली आणि तो सापडला तेव्हा तिने कपाळावर हात मारला. मागच्या वर्षी कचेरीत मधे नवी भिंत घातली होती. सेन्सर गेला पलीकडे, नकला काढायच्या दोन मोठ्या यंत्रांच्या डोक्यावर. यंत्रं तापायची, सेन्सर म्हणायचा, फार उकडतंय, आणि त्या बिचाऱ्याची झडप बंद राहायची. थंडी त्याच्या डोक्यात नव्हतीच. अक्कल तिच्या डोक्यात नव्हती.

दोन दिवस ती छतात राहिली म्हटलं तरी चालेल. सेन्सर अलीकडे आणला, नव्या तारा झडपेपर्यंत नेल्या, खऱ्या बटणाची डबी लावली. दिसायला हुबेहूब जुन्यासारखीच.

"झालं ना दुरुस्त? मग मिटवून टाक," मामा म्हणाले. "त्याला कशाला सांगतेस?"

खरंच, कळलंच नसतं. तो येऊन बटण फिरवणार, ऊब येणार, तो हसणार. सगळं होतं तसं राहणार. ती दोन रात्री याच विचारात कूस बदलत होती. सांगितलं तर तो जाईल. नाही सांगितलं तर तो राहील, पण तो ज्या मुलीवर विश्वास ठेवतोय ती आपण नसू.

गुरुवारी तो आला. गाल बसलेले, गळ्याला मफलर. तिने जुनी डबी त्याच्या टेबलावर ठेवली, मागची बाजू वर करून.

"या तारा कुठेच जात नव्हत्या," ती म्हणाली. पुढचं सगळं एका दमात बाहेर पडलं: मामा, चोवीस, नवी भिंत, न काढलेला थर्मामीटर. "तुमचा ताप माझ्यामुळे…"

"ताप साथीचा होता. घरात सगळ्यांना आला, आईलासुद्धा." तो डबी उलटसुलट करत राहिला. हसला नाही. "म्हणजे मी दोन महिने रिकामी डबी फिरवत होतो."

"हो."

"मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय. एवढी ती झटतेय, यंत्र चालू आहे, तरी मलाच कशी थंडी वाजते?"

याच्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरून आले.

"मग तुम्ही का म्हणालात, फरक पडला?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुमचा चेहरा इतका उतरला होता… नाही म्हणवलं नाही. आणि पुन्हा तपासायला याल, असंही वाटलं."

पलीकडे मोठ्या बाई एकाच कागदावर केव्हाच्या अडकून बसल्या होत्या.

"हे नवीन खरं आहे," ती भिंतीकडे बोट दाखवत म्हणाली. "फिरवून बघा."

"तुम्हीच फिरवा. माझा बटणांवरचा विश्वास उडालाय."

तिने बटण बाविसावर नेलं. हवा सुटलेली दिसावी म्हणून तिने जाळीला पतंगाच्या कागदाची एक पट्टी बांधली होती, ती लोंबतच राहिली. "झडपेची मोटर हळू असते, आणि नळ्या तापल्यावरच पंखा सुटतो," ती पुटपुटली. "आता उघडत असेल… आता पाणी आलं असेल… आता—" पट्टी हलेना. एक मिनिट. दोन. तारा उलट्या तर नाही ना जोडल्या? तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट आवळलं.

पट्टी थरथरली, मग फडफडू लागली. त्याने हात वर केला, शाईची बोटं जाळीखाली पसरली आणि डोळे मिटले. मग दुसऱ्या हाताने तिचा हात उचलून शेजारी धरला.

"ऊब आहे," तो म्हणाला. "या वेळी खरं सांगतोय."

तिने हात मागे घेतला नाही.

पण तळघरात परतल्यावर शंका पुन्हा हजर. त्याने माफ केलं, की नुसती ऊब आली म्हणून तो हसला? आणि आता तक्रारच उरली नाही, तर तिने वर जायचं कोणत्या तोंडाने? शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी मामा चिठ्ठ्या वाचता वाचता थांबले, त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचायला घेतलं.

"तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल. ऊब भरपूर आहे. हवावाली दोन दिवस आलेली नाही. तिच्याशिवाय मला करमत नाही. शिडी नको, थर्मामीटर नको. तू नुसती ये." मामांनी वर पाहिलं. "हे 'तू' मला म्हटलंय का गं?"

तिने चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली. अक्षर नकाशातल्या नद्यांच्या नावांसारखंच होतं, फक्त एकही ओळ वाकडी गेली नव्हती. तिने खाली 'उपाय' या रकान्यात लिहिलं, "येतेय रे," आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने निघाली.