रिकाम्या कपाटातली रेघ

मोबाईल उलटे ठेवा सगळ्यांनी. आणि तू गं, दाराजवळची, इकडे आत सरकून बस. उगाच नंतर किंचाळशील आणि तुझी आजी मला बोलेल.

ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही. आमच्या साडूंच्या बाबतीत घडलेली आहे. साडू म्हणजे तुमच्या आजीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. तुम्ही त्यांना कोपऱ्यात गप्प बसलेले बघता, पण पूर्वी हा माणूस बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार व्हायचा.

ते वेधशाळेत होते. तिथं दुर्बीण-बिर्बीण काही नाही. पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात. सूर्यावर वादळ झालं की इथं यंत्राची रेघ थरथरते. फारच मोठं वादळ असलं, तर विजेच्या तारांत नको तेवढा प्रवाह घुसतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतात. पूर्वी ही रेघ अंधारात फोटोच्या कागदावर उमटायची आणि तो कागद बदलायला, धुवायला रात्रपाळीला एक माणूस असायचा. असे वर्षानुवर्षांचे कागद यंत्राच्या खोलीतच, मागच्या कपाटांत ठेवलेले होते. आता यंत्र नवीन आलंय. त्याची रेघ दर मिनिटाला आपोआप नेटवर जाते, जगात कुणीही बघावी.

त्या खोलीत लोखंड चालत नाही. भिंतीत एक खिळासुद्धा नाही. आत जाण्याआधी किल्ल्या, पट्टा, घड्याळ, मोबाईल, सगळं बाहेरच्या दगडी कट्ट्यावर काढून ठेवायचं. लग्नानंतर बायकोला कौतुकानं खोली दाखवायला नेलं, तर साडूंनी तिच्या केसांतल्या पिनासुद्धा काढायला लावल्या. ती ते अजून ऐकवते.

"आजोबा, भूत कधी येणार?"

येतंय. आधी साहेब येऊ दे, तो जास्त भयंकर आहे.

विजेच्या कंपनीतली एक इंजिनीयर मुलगी तीन वर्षं वेधशाळेकडे एकच कागद मागत होती. तिच्या लहानपणी एका रात्री तीन ट्रान्सफॉर्मर जळाले होते. तिचे वडील तेव्हा त्याच कंपनीत ड्यूटीवर होते. ठपका त्यांच्यावर आला, नोकरी गेली. म्हातारा अजून म्हणतो, मी काही चुकीचं केलं नव्हतं. मुलीला वाटत होतं, त्या रात्री सूर्यावरचं वादळ असणार. तसं असेल तर कागदावर दिसेलच, नाही का? कागद बघितला की झालं.

पण बघू कोण देतंय! साहेबांचं दर वेळी एकच उत्तर. विनंती विचाराधीन आहे.

साडू म्हणाले, "साहेब, सगळेच कागद स्कॅन करून नेटवर टाकू या. ज्याला हवं तो बघेल."

"आणि कुणी गैरफायदा घेतला तर?"

"अहो, रेघेचा कसला गैरफायदा घेणार?"

साहेब म्हणाले, "वेधशाळेची मालमत्ता आहे ती." बास. विषय संपला. मला नुसतं सांगतानासुद्धा संताप येतो. कागद उंदीर खातात तेव्हा नाही यांना मालमत्ता आठवत!

मग फर्मान निघालं. सोमवारी कपाटं रिकामी करायची, कागद रद्दीत. तिथं जुन्या खुर्च्या ठेवायच्या आहेत. खुर्च्यासुद्धा लाकडी शोधून काढल्या होत्या, तेवढा नियम मात्र पाळला.

साडूंनी ठरवलं, आपण तो एक कागद बाहेर आणायचा, फोटो काढायचा, मुलीला पाठवायचा. होईल ते होईल.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. दुसरा शुक्रवार. रात्रीचे पावणेबारा.

पहारेकऱ्याला म्हणाले, डबा विसरलोय. कट्ट्यावर सगळं काढून ठेवलं, चपलासुद्धा. हातात फक्त पितळेची बॅटरी. आत गेले, मागचं कपाट उघडलं.

रिकामं.

दुसरं उघडलं. तेही रिकामं. सोमवारची गाडी शुक्रवारीच दुपारी येऊन गेली होती. यांना कुणी सांगितलंही नव्हतं. तीन वर्षं एक कागद हलत नव्हता, आणि रद्दीला मात्र एका दुपारीत गेले सगळे. साडू खाली फरशीवर बसले आणि चक्क रडले. रागानं रडले. तोंडानं शिव्या चालू होत्या.

तेवढ्यात बाहेर कट्ट्यावर आवाज झाला.

टक्.

कुणीतरी काहीतरी काढून ठेवलं होतं. लोखंडाचं.

टक्... टक्...

पहारेकरी असेल. पण पहारेकरी आत येत नाही. त्याला परवानगीच नाही.

"कोण आहे?"



दार वाजलं नाही. पण पावलं आली. अनवाणी. सावकाश. रोज येणाऱ्या माणसाची. साडूंच्या अंगावरून गार वारा गेला. आंबूस वास आला, फोटो धुवायच्या पाण्याचा. तो वास त्या खोलीत कित्येक वर्षांत नव्हता.

बॅटरी फिरवली. भिंत. कपाट. यंत्र.

कुणी नाही...

आणि कानाच्या अगदी जवळ, वैतागलेला आवाज.

"बत्ती बंद कर. कागद खराब होईल."

...

साडूंनी बत्ती बंद केली. मग काय झालं, किती वेळ झालं, ते सांगत नाहीत. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उठून गेले. पहाटे ते कट्ट्यापाशी बसलेले सापडले, पट्टा हातात घेऊन.

सकाळी साहेब तणतणत आले. "रात्री लोखंड घेऊन आत गेला होतात? रेघ बघा कशी झालीय!"

साडूंनी पडद्यावर बघितलं. मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत रेघ नुसती उसळत होती. एवढं मोठं वादळ त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. खिशातल्या किल्ल्यांनी रेघ जराशी सरकते, अशी रात्रभर नाचत नाही. जगातल्या बाकीच्या सगळ्या वेधशाळांच्या रेघा बघितल्या. शांत. सूर्यही शांत. साहेबांनी 'यंत्रात बिघाड' असा शेरा मारला, ती रात्र नेटवरून पुसून टाकली आणि साडूंच्या हातात मेमो दिला.

म्हणजे हेसुद्धा पुसलं! काय करावं अशा माणसाला?

पण रात्रभर ती रेघ नेटवर जात होती ना. दुपारी त्या मुलीचा फोन आला.

"काका, शेवटी त्या रात्रीची रेघ दिलीत तुम्ही! मी लगेच उतरवून ठेवली. तारीख चुकून कालच्या रात्रीची पडलीय, पण जे ट्रान्सफॉर्मर जळाले, त्यांच्या वेळा माझ्याकडे आहेत. बरोब्बर त्याच वेळांना रेघ उसळलीय. तिन्ही वेळा!"

साडूंनी खुर्ची ओढून घेतली.

"ऑफिस मानणार नाही म्हणा, शिक्का नाही त्यावर. पण बाबांनी बघितली. सकाळपासून मी छापून दिलेला कागद हातातून खाली ठेवत नाहीयेत. फक्त एक विचारायचं होतं. दोनच्या सुमाराला मध्ये रेघच नाही. थोडी जागा कोरी आहे. मला वाटलं बिघाड असेल. पण बाबा म्हणतात, बिघाड नाही. ट्रान्सफॉर्मर जळाले त्या रात्री त्यांनी घाबरून वेधशाळेत फोन केला होता. कुणीतरी उचलला आणि वैतागून म्हणालं, थांबा जरा, रेघ कागदाबाहेर चाललीय, कागद बदलून येतो. बाबा फोन धरून उभे होते. तेवढीच जागा कोरी आहे म्हणतात. असं असतं का हो काका?"

असायचं. पूर्वी असायचं.

नव्या यंत्रात कागद नाही.