द्यायचा लॅपटॉप

"आपल्या आयुर्वाचकात एक खोड निघाली आहे," डॉ. तोरसेकर म्हणाले, तशी हेमांगी रायकरने प्रयोगशाळेतल्या टेबलावरून मान वर केली.

आयुर्वाचक ही त्या दोघांचीच करामत. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन लॅपटॉपांपैकी एक बारा वर्षं चालतो आणि दुसरा वर्षभरात मान टाकतो, कारण चिपमधल्या अतिसूक्ष्म भेगा प्रत्येकीच्या वेगळ्या. आयुर्वाचक चालू करून मोबाइल खोक्याला टेकवला, की सील न फोडता आयुष्य कळे. पुण्यातलं शहाणं गिऱ्हाईक आता त्याच्याशिवाय दुकानाची पायरी चढत नव्हतं.

"खोड कसली?"

"वाचताना आपण चिपमध्ये विद्युतस्पंद सोडतो. त्याने भेगेच्या तोंडाशी काही इलेक्ट्रॉन अडकतात आणि फार हळू निसटतात. किती उरलेत ते मोजलं, की आधी कुणी कधी वाचलं होतं ते समजतं. कालच्या नव्या आवृत्तीत तर ते पडद्यावर दिसायलाच लागलंय."

"मग बिघडलं काय?"

"यंत्राचं काहीच नाही. पण भेट मिळालेल्याला कळतं, की देणाऱ्याने वाचूनच दिली."

हेमांगीचे कान गरम झाले.

पंधरा दिवसांपूर्वी दुकानदाराने तिला, साडीच्या दुकानात विचारतात तसंच विचारलं होतं, "घरी वापरायला, की द्यायला?" द्यायच्या, म्हणजे कमी आयुष्याच्या, ढिगावर सूट होती. तिने स्वतःला अकरा वर्षांचा घेतला आणि नणंदेला, उज्ज्वलाताईंना, चौदा महिन्यांचा. यजमान गेल्यापासून ताई कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करून घर चालवत होत्या. लॅपटॉप बंद म्हणजे चूल बंद, हे हेमांगीला पक्कं ठाऊक होतं. मिळालेली वस्तू त्या कशाला पारखतील, आणि पारखलीच तर नशीब म्हणून सोडून देतील, असा हिशेब तिने चक्क केला होता. दुसऱ्या कुणी केला असता तर तिने त्याला हलकट म्हटलं असतं.

ती घरी गेली, स्वतःचा लॅपटॉप पिशवीत घातला आणि सरळ ताईंचं दार वाजवलं.

"ताई, खोक्यांची अदलाबदल झाली माझ्याकडून. हा तुमचा."

ताईंनी आधी तिला पाणी दिलं.

"बस, हेमांगी. अदलाबदल नाही झाली. तू आणलास त्याच दिवशी वाचल्याची खूण आहे त्यावर. काल दिसली मला."

हेमांगीने पेला खाली ठेवला. "मग फोन करून झापलं का नाहीत मला?"

"कशाला? काल घरातलं सगळंच तपासलं मी. मामांनी दिलेला फोन वाचलेला, सात महिन्यांचा. जाऊबाईंचा टॅब वाचलेला, पाच महिन्यांचा. सगळे वाचूनच देतात गं." ताईंनी तिच्या पिशवीकडे पाहिलंही नाही. "मला मिळालेल्यांत तुझाच सर्वांत जास्त दिवसांचा निघाला. सकाळीच जाऊबाईंना सांगितलं मी, माझ्या भावजयीने चौदा महिन्यांची वस्तू दिली म्हणून."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. हेमांगीने तो शोधून पाहिला. सापडला असता, तर तिला निदान मान वर करता आली असती.