दोन सांग ना, आई

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. पण दीपमाला माझी सख्खी मावसबहीण, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही. भुताची गोष्ट म्हटली की अमावास्येची रात्र लागते, असंही नाही. हे घडलं गेल्या मार्चमध्ये, नाशिकला इंदिरानगरच्या तिच्या फ्लॅटमध्ये.

भर दुपारी.

दीपमाला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माणूस आपल्या मर्जीने निवडतो की सगळं आधीच ठरलेलं असतं? फ्री विल की डिटरमिनिझम? हा तिचा सगळ्यात आवडता तास. त्या दिवशी वर्ग गच्च भरायचा.

"पोराला 'जेव' म्हणू नका," ती सांगायची. "'पोळी खातोस की भात?' असं विचारा. त्याला वाटतं, आपण ठरवलं. जेवायचं ते तुम्ही आधीच ठरवलेलं असतं."

मुलं हसायची.

तिची एकुलती एक लेक दिशा याच युक्तीवर वाढली. निळा ड्रेस की पिवळा? सायन्स की कॉमर्स? दोन्ही पर्याय आईचेच. दिशा गुणाची पोर. आईच्या तोंडाकडे बघून तिच्या मनातलं ओळखायची आणि तेच निवडायची. ओळखता आलं नाही की म्हणायची, "तू सांग ना, आई." आणि उत्तर मिळेपर्यंत केसांतली टिकटॅक पिन काढून उघडझाप करत बसायची.

टिक... टॅक...

फेब्रुवारीत तिला पुण्याला मुलाखतीला जायचं होतं.

"एसटीने जातेस की निकिताच्या गाडीने?" दीपमालाने विचारलं. निकिता तिची मैत्रीण.

दिशा दारात घुटमळली. "तू सांग ना."

"गाडीने जा. लवकर पोचशील."

सिन्नरच्या पुढे गाडी ट्रकवर आदळली. निकिता वाचली. दिशा गेली.

तिला मुळात जायचं होतं का, हे कोणी विचारलंच नव्हतं. न जाणं हा पर्यायच तिच्यापुढे ठेवला नव्हता.

दहावा गंगेवर झाला. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. पिंड मांडला. घाटावर कावळेच कावळे...

एकही शिवेना.

"इच्छा ऱ्हायली पोरीची," दिशाची आजी कुसाबाई म्हणाली. "काय पायजे व्हतं तिला, ते बोला. म्हंजी शिवंल."

दिशाच्या वडिलांनी, संतोषने हात जोडले. "बाळा, तुझी स्कूटी कोणाला देणार नाही." कावळा जागचा हलला नाही. मग दीपमाला पुढे झाली. हात जोडले आणि तशीच उभी राहिली.

दिशाला काय हवं होतं?

तिला आठवेना. आठवत होतं ते सगळं तिचं स्वतःचं होतं, लेकीसाठी तिने हवंसं केलेलं.

तेवढ्यात मागून, अगदी हळू...

टिक... टॅक...

ती गर्रकन वळली. मागे कोणी नव्हतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी घरी परतली.

संतोष अंबडला कंपनीत पुन्हा कामावर जाऊ लागला. दीपमालाची रजा होती. एका दुपारी ती दिशाच्या खोलीत गेली आणि हात आपसूक कपाटाकडे गेले. निळा कुडता आणि पिवळा कुडता पलंगावर मांडले, रोज मांडायची तसेच. मग भानावर आली आणि रडत स्वयंपाकघरात गेली.

खोलीतून आवाज आला...

हँगर सरकल्याचा.

परत येऊन पाहते तर पलंगावर नुसता निळा. पिवळा कपाटात, दिशा लावायची तसा उलटा लावलेला.

भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला. पोर घरात होती.

दुसऱ्या दिवशी हिरवा आणि लाल. लाल राहिला. मग रोजच सुरू झालं. आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं. पलंगावर उरायचा तो दरवेळी तिच्याच मनातला. मेल्यावरही दिशा आईच्या मनासारखंच निवडत होती.

म्हणून एकदा दीपमालाने डोळे मिटून कपाटातले दोन कपडे पलंगावर टाकले आणि न बघताच बाहेर आली.

हँगर वाजला नाही...

खूप वेळाने तिने दारातून डोकावलं. गादीची कड दबलेली होती, कोणी टेकल्यासारखी.

टिक... टॅक... टिक... टॅक...

दिशा वाट बघत होती.

संध्याकाळी दीपमालाने संतोषला सांगितलं. बूट काढता काढता तो थांबला. "मलाही येतो तो आवाज," म्हणाला. "वाटलं, भास होतोय. तिला मोकळं कर, दीपा."

दुसऱ्या दुपारी तिने दिशाच्या चपला स्टँडवरून काढल्या. उंबऱ्यापाशी ठेवल्या, टोकं बाहेर करून. दार सताड उघडलं.

"दिशा, आता मी काही सांगणार नाही. वाटेल तिथे जा. तुझं तू ठरव."

पिनेचा आवाज थांबला. घर चिडीचूप झालं...

मग कानाशी, अगदी जवळून,

"दोन सांग ना, आई."

दीपमाला चपलांपाशी बसली. कसंबसं म्हणाली, "जातेस... की राहतेस?" डोळे घट्ट मिटले आणि सगळा जीव एकवटून मनात एकच धरलं. जा. जा बाळा.

डोळे उघडले तेव्हा उंबऱ्यापाशी चपला नव्हत्या.

गेली, असं वाटलं तिला.

मग स्टँडकडे लक्ष गेलं. चपला तिथे होत्या, नेहमीच्या जागी, नीट लावलेल्या.

"मी जा म्हणत होते गं," दीपमालाने नंतर मला सांगितलं. "आत काय होतं, ते तिने बरोबर ओळखलं."

आता ती कॉलेजात जाते, पण तो तास दुसऱ्या बाई घेतात. रोज दुपारी घरी आली की चपला उंबऱ्यापाशी ठेवते, तेच दोन पर्याय सांगते. मनाला समजावते की पोरीला सुटू दे. मन ऐकत नाही. मनाला काय हवं असावं हे कोण ठरवतं, असं तिने मला विचारलं.

मागच्या रविवारी मी निघाले तेव्हा चपला उंबऱ्यापाशीच होत्या. मी मनात म्हटलं, जा गं बाई. आईला सोड आता. जिन्यात उतरताना वळून पाहिलं...

उंबरा रिकामा होता. आतून आवाज आला, स्टँडवर काहीतरी ठेवल्याचा.

त्या पोरीला मी कडेवर खेळवलंय. तेव्हापासून मला धड झोप नाही. कारण खरं सांगायचं तर, ती जायला मलाही नकोच होती.