निळ्या लोकरीची काठी

"देल्फिन, तो दोर घरी ठेव! आपण आईला आणायला निघालोय, वासरू धरायला नाही!"

"दोन वर्षांनी येतेय मावशी. आपल्याला बघून बुजली आणि उधळली तर?"

योलिंदाने बर्फाचा गोळा उचलून मावसभावाच्या थोबाडावर हाणला. नेमका बसला! देल्फिनची धाकटी बहीण पास्का खिदळली, आणि त्या गडबडीत तिने भाजलेल्या पिन्योनांची, पेवेनच्या झाडाच्या बियांची, आणखी एक मूठ खिशात कोंबली.

"पास्का! ती आईसाठी भाजलीत!"

"मावशीसाठीच ठेवतेय. माझ्या खिशात गरम राहतात."

"तुझ्या खिशात नाही, पोटात राहतात!"

जुलैची, ऐन हिवाळ्यातली सुट्टी लागली होती. रात्रभर कोमट वारा सुटला होता आणि त्याच्या पाठोपाठ पहाटेपासून ओला बर्फ आणि दाट धुकं. दारात बसून चेचे, म्हणजे योलिंदाच्या आईचे वडील, पायांना वेताचे बर्फजोडे बांधत होते. त्यांच्या गळ्यात बैलाचं शिंग लटकत होतं.

"कुणी येऊ नका, मी येईन चालत, असं फोनवर सांगते!" ते पुटपुटले. "लेक दोन हिवाळ्यांनी घरी येणार आणि बाप चुलीशी बसणार? चला रे!"

योलिंदाची आई, एर्मिंदा, सान्तियागो शहरात एका बंगल्यात कामाला होती. स्वयंपाकघरामागच्या खोलीत झोपायचं, त्या घरातली दोन पोरं वाढवायची. सुट्टी दोनदा ठरली आणि दोनदा मोडली. एकदा बाईंकडे पाहुणे आले, एकदा बाईंच्या पोराचा वाढदिवस निघाला. योलिंदाचेही वाढदिवस येतात, हे त्या बंगल्यात कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. लोकांची पोरं न्हाऊमाखू घालायची आणि आपली डोंगरात सोडून यायची, याला गावात 'नशीब' म्हणत. योलिंदाला हा शब्द ऐकला की दगड मारावासा वाटे. मारायचा कुणाला, हे मात्र कळत नसे.

या खेपेला आई खरंच बसमध्ये बसली होती. रविवारपर्यंतची सुट्टी!

डांबरी रस्त्याच्या फाट्यापासून वस्तीपर्यंतची वाट हिवाळ्यात बर्फाखाली गडप होते. म्हणून पानगळीच्या दिवसांत प्रत्येक घर आपल्या वाट्याच्या टप्प्यात बांबूच्या काठ्या रोवतं आणि त्यांना आपापल्या रंगाची लोकर बांधतं. धुक्यात एका काठीपाशी उभं राहायचं, पुढची दिसली की निघायचं. दिसली नाही तर हलायचं नाही. इथल्या पोरांना हे चालण्याआधी शिकवतात.

योलिंदाच्या घराचा रंग निळा. बाकीच्या काठ्यांची लोकर दर वर्षी बदलायची, पण दुभंगलेल्या खडकाजवळच्या एका काठीला ती कुणाला हात लावू देत नसे. ती गाठ आईने मारलेली होती. तिचा निळा रंग आता राखेसारखा झाला होता. सोमवारी वसतिगृहाच्या शाळेला जाताना योलिंदा सगळ्यांच्या मागे राहायची आणि त्या गाठीवरून बोट फिरवायची. कुणाला दिसू न देता.

आज ती सगळ्यांच्या पुढे धावली. खडक आला. दोन शकलांचा, काळा, ओळखीचा.

पण काठी नव्हती!

"चेचे! आईची काठी गेली!"

"वाऱ्याने पडली असेल. ती बघ पुढची, खाली उजवीकडे."

"उजवीकडे? वाट तर डावीकडे वर जाते, पेवेनच्या झाडांखालून!"

"पोरी, धुक्यात डोकं फसतं, काठी फसवत नाही. माझ्या आज्यापासून आम्ही काठीमागे चालत आलो." आणि चेचे मान खाली घालून उतरू लागले.

एक काठी, दुसरी, तिसरी... चौथीपाशी योलिंदा थबकली. राखेसारखी निळी लोकर. आईची गाठ!

"ही इथली नाही!" ती किंचाळली. "ही खडकाजवळची आहे! कुणीतरी उपटून इथे आणलीय. चेचे, थांबा! पुढे जाऊ नका!"

"योलिंदा, उशीर होतोय..."

"थांबा म्हणतेय ना!"

आजोबांवर असं कुणी ओरडत नसे. देल्फिनने तोंडाचा आ केला. चेचे वळले, नातीकडे बघत राहिले. तेवढ्यात देल्फिनने हातातला सोटा पुढच्या बर्फात खुपसला. सोटा कोपरापर्यंत आत गेला, आणि वर आला तो काळ्या पाण्याने निथळत.

"तळं!" पास्काच्या तोंडातला पिन्योन पडला. "आपण तळ्यावर चाललो होतो!"

त्या तळ्याच्या पोटात गरम झरा होता. वरून पांढरंशुभ्र पठार, आणि खाली कधी पापुद्रा, कधी तोही नाही. चेचे दोन पावलं मागे सरले. आणि त्याच क्षणी चौघांच्याही मनात एकच गोष्ट आली. योलिंदा ती बोलली.

"आई पलीकडून येईल. याच काठ्या धरून!"

धुक्यातून घरघर ऐकू आली. तळ्याच्या वरच्या अंगाने एक बर्फगाडी आली आणि थांबली. डॉन गास्तोन, म्हणजे गास्तोनशेठ! उन्हाळ्यात फाट्याजवळची जमीन घेऊन त्याने प्रवाशांसाठी हॉटेल काढलं होतं.

"काय मंडळी! सहल का?"

"या काठ्या कुणी हलवल्या?" योलिंदाने विचारलं.

"मीच, काल. दुपारी पाहुण्यांना तळ्यावरून फिरवून आणायचंय. पुढे तुमच्या घरांकडून वळसा. फोटो काय येतील! तुमच्या त्या रंगीत काठ्या फारच गोड दिसतात."

"तळ्याचा बर्फ पोकळ आहे!"

"काल मी स्वतः चाललोय त्यावर. दगड होता, दगड!"

"रात्री वारा फिरला, डॉन गास्तोन," चेचे कसेबसे म्हणाले. "माझी लेक बसने येतेय. या गाडीवरून आम्हाला फाट्याला सोडा."

"पाहुण्यांशिवाय कुणाला बसवता येत नाही हो, विम्याची भानगड आहे. आणि इतकं काय घाबरता? चार काठ्या त्या! सोमवारी परत लावून देतो." त्याने हात हलवला आणि घरघर करत निघून गेला.

"चार काठ्या!" देल्फिन दात ओठ खात म्हणाला. "ह्याची मिशी उपटून सोमवारी परत लावतो म्हणावं!"

योलिंदा हसली नाही. तिचं डोकं चालू होतं. वरची वाट धरून फाट्याला पोचायचं, तर त्या वाटेवर आता एकही काठी नाही. तोवर आई...

"उपटायच्या!" ती एकदम म्हणाली. "रोवत बसायचं नाही, नुसत्या उपटायच्या! पुढची काठी दिसली नाही तर आई हलणारच नाही!"

"पण तिला आठवत असेल का?" देल्फिन हळूच म्हणाला. "शहरात माणसं दिवा बघून रस्ता ओलांडतात. दोन वर्षं झाली, योली."

हा प्रश्न योलिंदा स्वतःलाही विचारत होती, आणि फक्त काठ्यांबद्दल नाही.

"आठवत असेल," ती म्हणाली. "दोर काढ."

काठावर झुडपांचे शेंडे बर्फातून डोकावत होते. चेचेंनी बजावलं, "झुडपांच्या खाली एक पाऊलही टाकायचं नाही! मी खडकापाशी शिंग फुंकत राहतो. आवाज पाठीशी ठेवून जा, आवाजाकडेच परत या."

"मी फुंकते!" पास्काने शिंग ओढलं. फुर्रर्र... नुसती थुंकी.

"तू वाट बघ आणि पिन्योन राख," चेचे म्हणाले, आणि त्यांनी छाती भरून शिंग फुंकलं. सगळं खोरं हंबरलं!

योलिंदाने देल्फिनचा पट्टा पाठीमागून घट्ट धरला. देल्फिनने फास गरागरा फिरवून तळ्याच्या कडेवरच्या काठीवर टाकला. चुकला! पुन्हा टाकला. काठीला बसला! ओढल्याबरोबर काठी सळसळत काठावर आली, आणि तिच्या जागी काळं पाणी डोळ्यासारखं उघडलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पुढची गाठली.

"वासरू धरायला नाही म्हणे!" देल्फिन धापा टाकत म्हणाला. "आता बोल!"

"नंतर बोलते. ती बघ, अजून एक!"

काठ्या निघत गेल्या. शिंगाचा आवाज मागे मागे पडत गेला. योलिंदा दर थोड्या वेळाने हाक मारी, "आई!" धुकं ती हाक गिळून टाकी. बस केव्हाच येऊन गेली असेल. पलीकडे पावलं उमटलीच नसतील तर? बाईंनी या खेपेलाही थांबवून घेतलं असेल तर? आणि आली असेल, पण विसरून सरळ चालत सुटली असेल तर? यातलं जास्त वाईट कुठलं, ते तिला ठरवता येईना.

तळ्याचा काठ संपत आला. देल्फिनने फास उगारला आणि तसाच थांबला.

धुक्यात, शेवटच्या काठीला एका हाताने धरून, एक बाई उभी होती. खांद्यांवर, डोक्यावर बर्फाचा थर. पायांत शहरातले बूट. किती वेळ उभी होती कोण जाणे. पण एक पाऊल पुढे टाकलेलं नव्हतं.

"कोण आहे तिकडे?" ती ओरडली. "इथली पुढची काठी कुणी खाल्ली?"

योलिंदाने देल्फिनचा पट्टा सोडला. देल्फिनने उत्तर दिलं. "मावशी! तिथेच थांब! तळं आहे!"

"थांबलेलीच आहे मी, गाढवा! वर कुठून येऊ ते सांग!"

मग योलिंदा झुडपांच्या वरून धावली, पडली, उठली, आणि आईच्या ओल्या कोटात तोंड खुपसून राहिली. कोटाला परक्या साबणाचा वास होता. त्याच्या आत, खूप आत, आईचा होता.

"उंच झालीस," आई म्हणाली. तिने ते दोनदा म्हटलं.

शिंगाच्या आवाजाकडे जाताना त्यांनी उपटलेल्या काठ्या वरच्या वाटेवर, जिथल्या तिथे रोवल्या. खडकापाशी चेचेंनी लेकीला नुसतं बघितलं आणि आणखी एकदा शिंग फुंकलं, आता काही गरज नसताना. पास्काने मुठीतून तीन पिन्योन काढून मावशीला दिले. तेवढेच उरले होते.

दुपारी सगळे चुलीभोवती बसलेले असताना अंगणात घरघर झाली. मेंढ्या बोंबलल्या. दार उघडलं तर बर्फगाड्यांची रांग, आणि पुढच्या गाडीवर डॉन गास्तोन, गोंधळलेला!

"तळं कुठे गेलं?" तो म्हणाला. "मी तर काठ्याच धरून आलो!"

"आम्हीही सकाळी काठ्याच धरून चाललो होतो," योलिंदा म्हणाली. तिने कोपऱ्यातला ओला सोटा पुढे केला आणि पाहुण्यांसमोर सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

पाहुण्यांमधल्या एका जाड्या आजीबाईने हेल्मेट काढलं. "म्हणजे तुम्ही आम्हाला त्या पाण्यावर नेणार होता?"

डॉन गास्तोनची मिशी खाली आली. "मला... माहीत नव्हतं."

"विचारलं असतं तर कळलं असतं," चेचे म्हणाले. "पानगळीत या. बांबू तोडायचे, वाहायचे, रोवायचे. तुमच्या घराचा रंगही ठरवू. आत या आता, पोरं गारठलीत."

त्याने मान डोलावली. मग चेचेंनी सगळ्यांदेखत योलिंदाच्या डोक्यावर हात ठेवला. "आज मी नातीपेक्षा काठीवर जास्त विश्वास ठेवला. ही माझ्यावर ओरडली म्हणून घरात आज सगळी माणसं आहेत. शाबास, पोरी! आणि देल्फिन, तुझा फास तुझ्या बापापेक्षा सरस."

"आणि मी?" पास्का म्हणाली.

"तू पिन्योन राखलेस. तीन!"

चुलीभोवती हशा पिकला.

रविवार उजाडलाच. लख्ख ऊन पडलं होतं. दुभंगलेल्या खडकापाशी आईने मफलरचा एक लाल धागा उसवला आणि त्या जुन्या निळ्या गाठीशेजारी बांधला. जुनी गाठ तिने सोडली नाही.

"आता कधी?" योलिंदाने विचारलं.

"बाई सोडतील तेव्हा."

"आणि नाही सोडलं तर?"

आईने गाठ आणखी घट्ट ओढली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "इथूनच परत जा," ती म्हणाली. "फाट्यापर्यंत आलीस तर माझ्याने बसमध्ये चढवणार नाही."

योलिंदा काठीला धरून उभी राहिली. धुक्याचा मागमूस नव्हता. फाट्यापर्यंतच्या साऱ्या काठ्या, सगळ्या घरांचे सगळे रंग, एका नजरेत दिसत होते. कुठेही थांबायचं कारण नव्हतं.

तरी आई प्रत्येक काठीपाशी थांबत होती.