नऊ नंबरची ओळ

बर्कलीतल्या तळघराच्या त्या संगणक खोलीत ओडेटचा प्रोग्रॅम सकाळपासून पाचव्यांदा गप्प बसला होता. एकाने टाइप केलेली ओळ खोलीतल्या बाराही टर्मिनलच्या पडद्यांवर पोचवायची, एवढंच त्याचं काम. चार वाजता प्रोफेसर बघायला येणार होते, आणि तेव्हाही तो अडला तर प्रकल्प बंद. ती डोकं धरून बसली होती.

"कुणाच्या तरी दारात अडकलाय तो," मागून आवाज आला. हातात कॉफीचा कप, चुरगळलेला शर्ट आणि... नको तितके हसरे डोळे. शेवटच्या रांगेतला लोवेल. आजवर दोघं कधी बोललेही नव्हते.

"म्हणजे?"

"एका टर्मिनलची ओळी साठवायची जागा भरली, की तू तिथेच ताटकळतेस. बाकीचे अकरा उपाशी. आधी विचारायचं ना, कुणाकडे जागा आहे ते."

"बारा जणांना विचारत फिरू?"

"एकदाच विचार. सिलेक्टला. यंत्रातला तयार हुकूम आहे तो, याच कामाचा."

तो शेजारी बसला. बाराही टर्मिनलचे आकडे एका यादीत घालून ती यादी सिलेक्टच्या हाती द्यायची. जिथे आत्ता, न थांबता लिहिता येईल तेवढेच आकडे यादीत उरतात.

"तुझ्याच यादीवर तो उत्तर लिहितो," लोवेल म्हणाला, "म्हणून दर वेळी नवी यादी दे. आणि राहिलेल्यांच्या ओळी जपून ठेव."

चारला दहा मिनिटं असताना तिने चालवून पाहिला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अकरा आकडे परत आले, अकरा पडद्यांवर ओळ उमटली. ओडेटच्या अंगावर काटा आला. इतकं साधं विचारणं, आणि यंत्राने सगळ्यांच्या मनातलं एका दमात सांगावं!

फक्त नऊ नंबर नव्हता. ती शोधत शेवटच्या रांगेत गेली, लोवेल तिच्या मागोमाग — तर ते त्याचंच टर्मिनल. कंट्रोल-एस दाबून त्याने पडदा थांबवला होता. त्यावर सगळ्यात खाली तिची सकाळची ओळ: 'कुणी आहे का तिकडे?'

"तू अडवलंस मला?"

"पुढच्या ओळी आल्या असत्या तर ही वर सरकून गेली असती." त्याचे कान लाल झाले. "तुझं काम अडतंय हे... आत्ता कळलं. म्हणून आलो."

"शहाणाच आहेस."

प्रोफेसर आले, एक टर्मिनल थांबूनही बाकीची अकरा चालताना पाहून खूश झाले. "पुढच्या सत्रातही चालू ठेव," म्हणून गेले.

लोवेल आपल्या टर्मिनलपाशीच होता. ओडेटने मग स्वतःच्या जागेवर येऊन एकच ओळ लिहिली, फक्त नऊ नंबरसाठी. पण पडदा अजून थांबलेला, ओळ जायला तयार नव्हती.

"सोड ना पडदा," ती खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाली.

"ती ओळ जाईल..."

"जाऊ दे. मी इथेच आहे."

त्याने कंट्रोल-क्यू दाबला. तुंबलेल्या ओळी भराभर वर सरकल्या, आणि शेवटी तिची आली: 'भूक लागलीय. तुझ्याबरोबर जेवायचंय — आज, आणि उद्याही.'

लोवेलने ती दोनदा वाचली, आणि या वेळी पडदा न थांबवता तो कोट घेऊन तिच्याकडे आला.